चार वाजताचं पाणी

प्रमिलाबाईंनी कुलूप उघडलं ते आधारभाऊंच्या शब्दावर विश्वास ठेवून. मुलीनं, संघमित्रानं रक्त तपासायला दवाखान्यात बोलावलंय, रिक्षा कोपऱ्यावर उभी आहे, असं त्यांनी खिडकीच्या गजांतून सांगितलं. समोरच्या घरात राहणाऱ्या प्रमिलाबाई त्यांना वीस वर्षं ओळखत होत्या आणि वीस वर्षांत या माणसाच्या तोंडून त्यांनी खोटं ऐकलं नव्हतं. त्यांनी आपल्याकडे ठेवलेली चावी आणली, दार उघडलं, ऊन फार आहे, टोपी घाला म्हणाल्या. आधारभाऊंनी टोपी घातली आणि खाली मान घालून ते निघाले. कोपरा वळेपर्यंत त्यांनी मागं पाहिलं नाही. सकाळचे साडेसात वाजले होते. अडीच महिन्यांनी ते देवपुरातल्या त्या दोन खोल्यांमधून एकटे बाहेर पडले होते.

आधार बैसाणे नऊ वर्षांपूर्वीपर्यंत धुळ्याच्या पाणीपुरवठ्यात व्हॉल्व्हमन होते. रस्त्यातलं लोखंडी झाकण उचलायचं, खालच्या चेंबरमध्ये लांब दांड्याची चावी घालून फिरवायची, की त्या गल्लीच्या नळांना पाणी. पुन्हा फिरवली की बंद. ऐकायला सोपं काम. पण कुठला व्हॉल्व्ह सव्वीस आट्यांत उघडतो, कुठला उलटा फिरतो, कुठल्याचं झाकण डांबराखाली गेलंय आणि कुणाच्या ओट्यापासून तीन पावलांवर खणलं की ते सापडतं, हे कुठल्या कागदावर लिहिलेलं नव्हतं. एकतीस वर्षांत ते आधारभाऊंच्या डोक्यात साठत गेलं होतं. त्यांच्याकडे अडतीस व्हॉल्व्ह होते. सायकलला चावी बांधून ते गल्लीत शिरले की बायका विचारत, पाणी कधी सोडणार? भाऊ सांगतील त्या वेळेवर मग धुणीभांडी, पाहुणे, बाजार, सगळं ठरायचं.

बायको द्रौपदाबाई वारल्या, त्याच्या पुढच्या वर्षी ते दूध आणायला म्हणून गेले आणि दुपारी चाळीसगाव चौफुलीवर सापडले. हातात दुधाची पिशवी होती, दूध फाटलेलं होतं. नंतर नाशिकच्या डॉक्टरांनी त्यांना कागदावर घड्याळ काढायला सांगितलं, शंभरातून सात-सात वजा करायला सांगितले, महिना विचारला. आधारभाऊंचं घड्याळ चुकलं, वजाबाकी दुसऱ्याच पायरीवर अडली, महिनाही चुकला. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं आणि एकटं सोडू नका म्हणाले. संघमित्रा नर्स होती, तिची ड्यूटी बारा तासांची. मग दाराला बाहेरून कुलूप आलं. पहिल्या दिवशी ते लावताना ती जिन्यात उभी राहून रडली, हे आधारभाऊंनी आतून ऐकलं होतं, आणि म्हणून त्यांनी कधी तक्रार केली नव्हती.

पण मंगळवारी संध्याकाळी ती स्वयंपाकघरात फोनवर भावाशी बोलत होती. बुद्धभूषण पुण्याला कंपनीत होता, अकराव्या मजल्यावर राहत होता. रविवारी येतो आणि बाबांना घेऊन जातो, कायमचं, असं त्यांचं ठरलं. आधारभाऊ पलीकडच्या खोलीत पलंगावर बसून होते. त्यांना वाटलं, तिथं माझ्याजवळ काय उरेल? पुण्याच्या जमिनीखालचं मला काही ठाऊक नाही. इथलं जे आहे तेच माझं आहे आणि ते मला डॉक्टरनं विचारलंच नाही.

त्या विचारानं त्यांना झोपू दिलं नाही. गुरुवारी सकाळी संघमित्रा गेल्यावर त्यांनी वहीचा एक कागद फाडला, पेन्सिल घेतली. एका दिवसात एकट्यानं अडतीसच्या अडतीस व्हॉल्व्ह शोधायचे, प्रत्येकाला खूण करायची आणि रविवारी तो कागद मुलासमोर ठेवायचा. संघमित्रानं त्यांच्या सदऱ्याच्या खिशात नाव, पत्ता आणि तिचा फोन नंबर लिहिलेलं कार्ड घालून ठेवलं होतं. ते त्यांनी काढून टीव्हीवर ठेवलं, मोबाइलही तिथंच ठेवला. मदत घेऊन केलेली परीक्षा कोण खरी मानणार?

लहान पुलावरून त्यांनी पांझरा ओलांडली. नदीत पाणी नव्हतंच म्हणा, वाळूत दोन-चार डबकी आणि त्यांत उभ्या म्हशी. पलीकडे जुनं धुळं सुरू झालं, आकड्यांच्या गल्ल्यांचं. एक नंबर, दोन नंबर, तीन नंबर, अशा सरळ एकमेकींना समांतर गेलेल्या गल्ल्या. पहिला व्हॉल्व्ह पिठाच्या गिरणीसमोर होता. आधारभाऊ तिथं जाऊन उभे राहिले, टाचेनं धूळ सारली, आणि झाकणाची कड दिसली. त्यांनी कागदावर खूण केली. ती खूण त्यांनी दोनदा गिरवली.

दुसरा सापडला, तिसरा सापडला. पाचव्यावर कुणीतरी मोटारसायकल लावली होती तरी त्यांनी तो खाली वाकून पाहिला. दहापर्यंत पोचले तेव्हा घामानं सदरा पाठीला चिकटला होता आणि ते स्वतःशी बोलायला लागले होते. हा बावीस आट्यांचा. याचं पॅकिंग गळतं. हा दोनदा बदलला. सगळं जागेवर होतं. डॉक्टरला काय कळतं, असं ते मोठ्यानं म्हणाले, तेव्हा कुल्फीची गाडी ढकलणाऱ्या माणसानं वळून पाहिलं.

अकरा वाजायच्या सुमारास ते एका गल्लीत शिरले. तिथं लग्नघर होतं. रस्त्यावर पिवळा मांडव घातला होता, दारात आंब्याचे डहाळे होते. मांडवाच्या कडेला एक ठेंगणी, जाड भिंगांचा चष्मा लावलेली बाई कपाळावर हात धरून त्यांच्याकडे बघत उभी राहिली. त्यांना ती सुगंधाबाई म्हणून आठवली, लगेच, चष्मा लागायच्या आधीच्या तोंडासकट.

"आधारभाऊ शेत ना?" ती अहिराणीत म्हणाली. "कितला दिनमा दिसनात! भाऊ, पानी कव्हय येई? पोरनी हळद शे आज, दोन पिंप शेत फक्त."

पुढं काय झालं ते आधारभाऊंना नंतर कितीही प्रयत्न करून नीट जुळवता आलं नाही. एवढं खरं, की त्यांनी खोटं सांगितलं नाही. पाणी कधी येणार, ही हाक ऐकली आणि त्यांच्या डोक्यातली मधली नऊ वर्षं कुठंतरी गेली. सायकल मागं भिंतीला लावलेली आहे, चावी तिच्या दांडीला आहे, टाकी सकाळी भरलेली आहे, असं त्यांना स्पष्ट वाटलं. त्यांनी मनगटाकडे पाहिलं. तिथं घड्याळ नव्हतं, तरी पाहिलं.

"आज येई, अक्का," ते म्हणाले. "चार वाजता. बठ्ठं भरी ल्या."

सुगंधाबाईनं हात जोडले. सगळं भरून घ्या, असं मांडवातल्या बायकांना तिनं ओरडून सांगितलं. आधारभाऊंनी कागदावर काहीतरी लिहिलं, कामावर असताना लिहीत तसं, आणि ते पुढच्या गल्लीला वळले.

शुद्धीवर आले ते फुलवाला चौकात. शुद्धीवर म्हणजे ते चहाच्या टपरीच्या बाकावर बसले होते, पुढ्यात रिकामा कप होता, आणि आपण इथं कधी बसलो हे त्यांना कळत नव्हतं. त्यांनी खिशातला कागद काढला. चौदा खुणा होत्या आणि खाली त्यांच्याच अक्षरात लिहिलं होतं : ४ वा. पाणी.

कुठं ते लिहिलं नव्हतं.

ते त्या शब्दांकडे बघत राहिले आणि हळूहळू पिवळा मांडव आला, चष्मा आला, जोडलेले हात आले.  मी रिटायर झालोय, ते मनात म्हणाले. मी कुणाला पाणी सांगितलं? कुणाच्या जिवावर सांगितलं? एकतीस वर्षांत त्यांनी हे हजारदा पाहिलं होतं. पाणी येणार म्हटल्यावर बायका आधी पिंप पालथं करतात. जुनं पाणी ओतून देतात, पिंप घासतात, तांबे-हंडे घासतात, म्हणजे ताजं भरायला सगळं मोकळं. लग्नघरात तर आधी ते करतील. आणि आज पाणी येणार नाही. आज त्या बाजूचा वार आहे की नाही, हेही त्यांना ठाऊक नव्हतं.

टपरीवाल्यानं वेळ सांगितली, दीड वाजला होता. आधारभाऊ उठले. आता एकच मार्ग होता, टाकीवर जाऊन पंडितला गाठायचं. पंडित त्यांच्या हाताखाली शिकलेला, आता तोच त्या भागाचा व्हॉल्व्हमन होता. तो मनावर घेईल तर तासभर तरी पाणी सोडेल. पण टाकीकडे जायचं कुठून? ज्या टाकीवर ते एकतीस वर्षं रोज पहाटे गेले तिचा रस्ता त्यांनी एका कॉलेजच्या मुलीला विचारला, आणि विचारताना त्यांना इतकी लाज वाटली, की तिनं काय सांगितलं ते अर्धं ऐकायचं राहून गेलं. पुढं अजून दोघांना विचारावं लागलं.

टाकीवर पंडित नव्हता. ओळखीचं कुणीच नव्हतं. तिथल्या रखवालदारानं त्यांना सावलीत बसवलं, पंडितला फोन लावला आणि फोन त्यांच्या कानाला लावला. पंडित आदरानं बोलला. भाऊ, आज त्या बाजूचा वार नाही, परवा आहे, टाकीत पाणीच नाही, पण तुम्ही म्हणता तर लग्नघरासाठी टँकरचं कुणाला तरी विचारून बघतो, असं तो म्हणाला. मग त्यानं विचारलं, "कोणती गल्ली, भाऊ?"

आधारभाऊंनी तोंड उघडलं. आकडा जिभेच्या टोकावर यावा आणि तिथून परत जावा, असं दोन-तीनदा झालं.

"चार असेल," ते म्हणाले. "नाहीतर सहा. पंडित, मला आकडा येत नाहीये रे."

 संघमित्राताईचा नंबर सांगा, असं पंडित हलकेच म्हणाला. तोही आधारभाऊंना येत नव्हता. त्यांनी फोन रखवालदाराच्या हातात दिला आणि तो बसा बसा म्हणत असताना ते फाटकातून बाहेर पडले.

पाणी आणता येत नव्हतं. निदान सांगता तरी आलं असतं, की ओतू नका, घासू नका, मी चुकलो. त्यासाठी गल्ली सापडायला हवी होती. अडीच-तीनचं ऊन. एप्रिलच्या उन्हात या वेळी धुळ्याच्या रस्त्यावर माणूस नसतो. दुकानांची शटरं अर्धी खाली होती, कुत्री गटारांत शिरून पडली होती. ते चार नंबरमध्ये गेले, तिथं मांडव नव्हता. पाच नंबरमध्ये मांडव होता आणि ते जवळजवळ धावतच तिथं गेले. पण तो मांडव लाल-पांढरा होता, घर दुसऱ्यांचं होतं. त्यांनी तरीही हात जोडून सांगायला सुरुवात केली, की पाणी येणार नाही, माझी चूक झाली. तिथल्या माणसांना काही कळेना. एकानं त्यांच्या तोंडाचा वास घेऊन पाहिला. दुसऱ्यानं तांब्याभर पाणी आणून दिलं, ते त्यांनी उभ्यानंच प्यायलं, आणि पिता पिता त्यांना वाटलं, हेही पाणी आपण कुणाचं तरी घेतोय.

पुढं मात्र सगळंच सुटलं. सगळ्या गल्ल्या एकसारख्या दिसायला लागल्या. तीच पायऱ्यांना टेकलेली स्कूटर, त्याच डोक्यावरच्या वायरी, त्याच दारातल्या चपला. आकडे लिहिलेल्या पाट्या होत्या, पण ते पाटी वाचत आणि चार पावलांवर वाचलेलं विसरत. सकाळी पायाखाली बोलणारी जमीन मुकी झाली होती. एका वळणावर ते थांबले आणि त्यांना कळेना की हे धुळं आहे का.  ते एका कापडदुकानाच्या पायरीवर बसले.

दुकान लखीचंद शेठचं होतं. म्हातारा माणूस, गादीवर लोडाला टेकून वामकुक्षी घेत होता, तो उठून दाराशी आला. नाव काय, घर कुठं, कुणाला फोन लावू, असं त्यानं एकेक करून विचारलं.

"घर नको मला," आधारभाऊ म्हणाले. "घरी नेतील मला कुणीतरी. मला ती गल्ली पाहिजे. तिथं बायका पाण्याची वाट बघतायत."

लखीचंद शेठना वाटलं, ऊन डोक्यात गेलंय. त्यांनी त्यांना आत पंख्याखाली बसवायचा प्रयत्न केला, लिंबूपाणी मागवतो म्हणाले. पण आधारभाऊंचं लक्ष पायरीखाली गेलं होतं. पायरीच्या कडेनं उघडं गटार जात होतं. आतला गाळ वाळून भेगाळला होता, आणि त्या भेगांवरून पाण्याची एक बारीक धार वाहत होती. साबणाचा फेस होता तिच्यावर.

आज पाण्याचा वार नव्हता. पंडितनंच सांगितलं होतं, परवा आहे. वार नसलेल्या दिवशी भर उन्हात गटारातून एवढं पाणी कोण सोडतंय?

त्यांना आकडे आठवत नव्हते, पण गटार नदीकडे उतरतं हे आठवायची गरज नव्हती, ते समोर दिसत होतं. ते उठले आणि पाणी जिकडून येत होतं तिकडे चालायला लागले. वाकून, गटारावरची नजर न काढता. एका ठिकाणी ते फरशीखाली गेलं, तेव्हा त्यांनी फरशीला कान लावला. एका कोपऱ्यावर दोन गटारं मिळाली होती, त्यातलं एक कोरडं होतं, दुसरं ओलं. ओल्याच्या मागं ते वळले. फेस वाढत गेला. मग त्यांनी मान वर केली आणि पिवळा मांडव दिसला.

उशीर झाला होता. गल्लीच्या दोन्ही बाजूंना घासून चकचकीत केलेले हंडे, कळश्या, बादल्या, पिंपं ओळीनं लावलेली होती. नळाला पाइप जोडून ठेवलेले होते. ओट्यांवर बायका बसल्या होत्या. त्यांच्याकडे पाहून बऱ्याच जणी एकदम उठल्या. साडेचार वाजून गेले होते.

आधारभाऊ मांडवाच्या तोंडाशी उभे राहिले. बोलायला लागले तेव्हा त्यांचा आवाज सगळ्या गल्लीला ऐकू गेला.

"पानी येवाव नही. मी रिटायर व्हयेल शे, नऊ वरीस व्हई गयात. माले आता ध्यान नही ऱ्हास. माले आजार शे डोकाना. सकाय माले वाटनं का मी ड्यूटीवर शे. मन्ही चूक शे, बठ्ठी मन्ही."

 मग एक जण पुढं आला, बहुतेक नवरीचा मामा. म्हाताऱ्या, पाहुणे सहा वाजता येतायत, असं तो बोलायला लागला आणि त्याचा आवाज चढत गेला. सुगंधाबाईनं त्याला हातानं थांबवलं. ती ओट्यावर बसली होती. चष्मा काढून तिनं पदरानं डोळे पुसले.

"दोन पिंप ओती टाकात मी," ती म्हणाली. "तुम्हना नाववर."

ती रागावली असती तर आधारभाऊंना सोसलं असतं.  मग ओळीतल्या दोन कळश्या त्यांनी उचलल्या. कुणाच्या होत्या ते पाहिलं नाही. गल्लीच्या शेवटी, बंद पडलेल्या शाळेच्या भिंतीला कुणी न वापरलेला एक हापसा होता. तो कोरडा असण्याचीच शक्यता जास्त होती. त्यांनी दांडा धरला आणि खालीवर करायला लागले. नुसता लोखंडाचा आवाज. वीस वेळा, पन्नास वेळा. मग घशात खरखरल्यासारखं होऊन गढूळ पाणी आलं, आणि त्यामागून स्वच्छ.

पहिल्या दोन कळश्या त्यांनी स्वतः मांडवात नेऊन ठेवल्या. परत गेले. दुसऱ्या खेपेला कळशी हिंदकळून अर्धी सांडली. सदुसष्ट वर्षांचा माणूस, सकाळपासून पोटात फक्त चहा. बायका बघत होत्या. तिसऱ्या खेपेला एक मुलगी, दोन बायका आपापले हंडे घेऊन हापशाशी येऊन उभ्या राहिल्या. आधारभाऊंनी दांडा सोडला नाही. त्यांनी भरायचे, बायकांनी न्यायचे, असं चाललं. हापसा थोडं पाणी द्यायचा, मग दम खायचा, मग पुन्हा थोडं द्यायचा. पिंप भरायला अशा किती खेपा लागतील याचा हिशेब त्यांना जमत नव्हता. त्यांना एवढंच कळत होतं, की थांबलं की संपलं.

संघमित्रा तिथं पोचली तेव्हा दिवस कलला होता. प्रमिलाबाईंनी दुपारी सहज फोन करून रक्ताचं विचारलं, तेव्हा सगळं उघड झालं होतं. त्यानंतर तिनं स्कूटरवरून चौफुली, बसस्टँड, नदीकाठ सगळं पालथं घातलं, दोन दवाखान्यांत जाऊन पाहिलं. शेवटी टाकीवर रखवालदारानं सांगितलं, की ते कुठलंसं लग्नघर शोधत होते. ती हापशाशी आली, पांढरा गणवेश घामानं मळलेला, आणि वडिलांच्या हातांवर तिनं हात ठेवले. तळव्यांची कातडी सोलून दांड्याला रक्त लागलं होतं.

"बाबा, सोडा," ती म्हणाली.

"राहिलंय अजून," ते म्हणाले. तिचा चेहरा त्यांनी ओळखला, आणि मग त्यांना रडू फुटलं, हमसून हमसून, गल्लीतल्या बायकांसमोर. रडता रडता त्यांनी तिला सांगितलं, की मी परीक्षा घेतली, बेटा. चौदा आले. मग मी लोकांचं पाणी ओतायला लावलं. बुद्धभूषणला सांग, रविवारी ये. आजच येता आलं तर आज ये म्हण.

संघमित्रानं दांडा आपल्या हातात घेतला. अंधार पडेपर्यंत ती हापसत राहिली आणि आधारभाऊ भिंतीला टेकून बसले. हळदीची गाणी सुरू झाली होती. टँकर आला नाही.

शुक्रवारी ते उशिरा उठले. हातांना बँडेज होतं, ते कशाचं हे त्यांना सांगता येईना. संघमित्रानं रजा घेतली होती. ती शेजारी बसून बँडेज बदलत होती, तेव्हा त्यांनी विचारलं, आणि तिनं काही लपवलं नाही. कुलपापासून हापशापर्यंत सगळं सांगितलं. ते दुसऱ्या कुणाची तरी गोष्ट ऐकावी तसे ऐकत राहिले. मध्येच एकदा, हो, चष्मा होता, असं म्हणाले.

सांगून झाल्यावर ते आपल्या सोललेल्या तळव्यांकडे बघत राहिले.

"मग त्या पोरीच्या हळदीला पाणी पुरलं का?" त्यांनी विचारलं.

"पुरलं, बाबा," ती म्हणाली.

त्यांनी तिच्या तोंडाकडे पाहिलं. ती खाली बघून मलम लावत होती, आणि ती खरं बोलतेय की नाही हे त्यांना काही केल्या कळेना.